हसू नेमकं कोणावर? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच सिनेमाभोवती फिरतात: 'अशी ही बनवाबनवी'. तो न पाहिलेल्यांसाठी दोन ओळी. 1988 सालचा सिनेमा, लेखन वसंत सबनीस यांचं, दिग्दर्शन सचिन यांचं. पुण्यात एकट्या पुरुषांना भाड्याने जागा मिळत नाही. घरमालकीण लीलाबाई काळभोर जागा देणार, पण फक्त जोडप्यांना. म्हणून चार तरुणांपैकी दोघं साड्या नेसतात. परशा (लक्ष्मीकांत बेर्डे) धनंजय मानेची (अशोक सराफ) बायको पार्वती होतो, तर सुधीर (सचिन) शंतनूची (सिद्धार्थ रे) बायको सुधा. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 1966 सालच्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमातली. आता पत्रांकडे वळू.

प्रश्न: माझी मुलगी कॉलेजात आहे. ती म्हणते, या सिनेमात बायकांची टिंगल आहे. मला तो निखळ विनोद वाटतो. घरात रोज वाद होतो. कोणाचं बरोबर? (एक वाचक, सोलापूर)

तुम्ही दोघं 'सिनेमा' या एका शब्दावरून भांडताय, म्हणून वाद मिटत नाही. प्रसंग सुटे करा. यातलं हसू तीन ठिकाणांहून येतं: एक, पकडले जाण्याच्या भीतीतून. दोन, बाईच्या चालण्याबोलण्याची नक्कल करण्यातून. तीन, फसलेल्या माणसाला काहीच ठाऊक नसण्यातून.

पहिल्या प्रकारचं हसू सर्वांत जास्त आहे आणि ते पुरुषांवरच उलटतं. धनंजय लीलाबाईंना ओळख करून देतो ते वाक्य जवळून पाहा: 'हा माझा बायको पार्वती.' चारच शब्द. 'हा' पुल्लिंगी, 'माझा' पुल्लिंगी, 'बायको' स्त्रीलिंगी. डोक्यात परशा आहे आणि जिभेवर पार्वती, त्या ओढाताणीत व्याकरण फाटलं. इथे बाईपण कुठेच हास्यास्पद ठरत नाही. घाबरलेला पुरुष हास्यास्पद ठरतो. या प्रकाराबद्दल तुमचं म्हणणं बरोबर.

दुसऱ्या प्रकारात दोन पात्रं दोन वाटांनी जातात. सुधा नीटनेटकी, मर्यादशील, जवळजवळ आदर्श सून. पार्वतीच्या साडीतून मात्र परशा सतत डोकावतो. आमच्या मते पार्वतीचा विनोद जास्त निरोगी आहे, कारण तिथे आपण 'बाई अशी असते' म्हणून हसत नाही, 'याला जमत नाहीये' म्हणून हसतो. सुधाच्या बाबतीत उलटा पेच आहे. पुरुषाने रंगवलेली बाई खऱ्या बायकांहून जास्त 'बायकी' निघाली, की तो पुरुषांच्या मनातला साचा असतो.

तिसऱ्या प्रकारात मात्र तुमच्या मुलीचं म्हणणं ऐकाच. लीलाबाईंपासून माधुरीपर्यंत स्त्रियांना अंधारात ठेवूनच गोष्ट पुढे सरकते. माधुरी (अश्विनी भावे) सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानाची मालकीण आणि धनंजय तिच्याकडे नोकरीला. त्या काळच्या मराठी विनोदी सिनेमात पगार देणारी बाई आणि तिच्यासमोर जपून वागणारा नायक ही जोडी लक्षात राहण्यासारखी आहे. दुकानात मालकीण ती असली, तरी धनंजयच्या घरात काय नाटक चाललंय हे तिला सोडून प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला माहीत असतं. बिंग फुटल्यावर या स्त्रियांना रागवायला किती वेळ मिळतो, ते घड्याळ लावून मोजा. मग फसवणूक किती वेळ चालली होती तेही मोजा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवा. वाद चालू राहील, पण मुद्द्यावर राहील.

प्रश्न: उपशीर्षकं लिहायला शिकते आहे. 'हा माझा बायको' इंग्रजीत कसं आणायचं? (वाचक, पुणे)

इंग्रजीत 'माझा' आणि 'माझी' एकच, 'हा' आणि 'ही'सुद्धा एकच. त्यामुळे शब्दशः नेलंत तर विनोद उरतच नाही. लिंगभेद इंग्रजीत तृतीयपुरुषी सर्वनामात शिल्लक आहे, म्हणून चूक तिथे सरकवा: 'ही इज माय वाइफ, पार्वती.' (इंग्रजी 'ही' पुल्लिंगी आणि आपली 'ही' स्त्रीलिंगी, मसुदा देवनागरीत लिहीत असाल तर इथे घोळ होतो. तपासून घ्या.) हिंदीत 'ये' दोन्हीकडे चालतं, म्हणून 'मेरा बीवी' एवढी एकच चूक उरते आणि धक्का निम्मा होतो. कानडीत उलट आहे. 'नन्न' म्हणजे 'माझा' आणि 'माझी' दोन्ही, पण 'इवनु' आणि 'इवळु' वेगळे, म्हणून तिथे चूक पहिल्या शब्दात बसवावी लागते. इंग्रजी उपशीर्षकात एका ओळीत साधारण 42 अक्षरं आणि जास्तीत जास्त दोन ओळी हा सर्वसाधारण नियम. हे वाक्य त्यात आरामात मावतं, म्हणून कंसात खुलासा घालायचा मोह टाळा. खुलासा वाचेपर्यंत हसू निघून जातं.

प्रश्न: बेक्डेल चाचणी या सिनेमाला लावली तर निकाल काय? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

चाचणी थोडक्यात अशी. सिनेमात किमान दोन स्त्रिया हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला हव्यात. अमेरिकन चित्रकथाकार ॲलिसन बेक्डेल यांच्या 1985 सालच्या एका चित्रपट्टीतून ती आली. पात्रांना नावं असावीत ही अट लोकांनी मागाहून जोडली.

स्त्रीवेषातल्या पुरुषाच्या सिनेमाला ती लावताना गंमतशीर अडचण येते. लीलाबाई आणि पार्वती बोलत बसल्या आहेत, हा संवाद दोन स्त्रियांचा धरायचा की नाही? आमचा सल्ला असा की दोनदा मोजा. एका रकान्यात प्रेक्षकाला जे माहीत आहे त्यानुसार, दुसऱ्यात लीलाबाईंना जे माहीत आहे त्यानुसार. दोन्ही बेरजांत जो फरक पडेल, तोच या सिनेमातल्या स्त्री-पुरुष संबंधांचा गाभा.

कारण लीलाबाईंच्या लेखी ते बायका-बायकांतलं बोलणं असतं. घरात पुरुष नसताना पदर जरा सैल सोडून बाई जे बोलते, ते बोलणं. त्यांनी खोली दिली ती भाड्याच्या बदल्यात. पण हा विश्वास त्यांनी फुकट दिला आणि तो समोरच्या बाईला दिला, जी तिथे नव्हतीच. चौघांनी लीलाबाईंना खोलीसाठी फसवलं असं सगळे म्हणतात. खोलीचा हिशेब भाड्याने फिटतो, या विश्वासाचा फिटत नाही. शेवटी लीलाबाई माफ करतात तेव्हा सिनेमा जागेच्या अडचणीवर बोलतो आणि ते खरंही आहे. या दुसऱ्या गोष्टीची माफी मात्र कोणी नीट मागत नाही. सिनेमातली सर्वांत मोठी उणीव आम्हाला इथे दिसते. ती दिसूनही आम्ही हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघतो.

एक सावधगिरी. ही चाचणी फक्त हजेरी घेते. पास झालेला सिनेमा बायकांना तुच्छ लेखणारा असू शकतो आणि नापास झालेला न्याय देणारा. निकाल लागला की थांबू नका.

प्रश्न: 'कुणीतरी येणार येणार गं' या गाण्यात पुरुषाचं डोहाळजेवण होतं. हा गरोदर बाईचा अपमान नाही का? (वाचक, ठाणे)

आम्हाला तो तसा वाटत नाही. विधीची टर उडवलेली नाही. झोपाळा, फुलं, गाणं सगळं मनापासून केलेलं आहे. हसू येतं ते त्या मानाखाली अवघडून बसलेल्या परशाचं. जमलेल्या बायका आपापल्या परीने खरा आनंद करतात आणि खोटं बोलणाऱ्यांना तो आनंद झेलत बसावं लागतं. फसवणारा स्वतःच्या थापेखाली दबत जातो, हे या गाण्याचं बळ. मूल होत नाही म्हणून बोलणी खाल्लेल्या बाईला मात्र हे गाणं बोचू शकतं. तसं कोणी म्हणालं तर 'विनोद समजत नाही' असं तिला ऐकवू नका.

प्रश्न: बालगंधर्वांच्या काळी पुरुषाने केलेल्या स्त्रीभूमिकेला मान होता. मग सिनेमात साडी नेसलेला पुरुष दिसला की लोक हसतात कसे? (निवृत्त शिक्षक, सांगली)

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, ते उपयोगी पडतील: भूमिका आणि सोंग. 1911 साली 'संगीत मानापमान' रंगभूमीवर आलं तेव्हा नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, भामिनी झाले. नाटकाच्या गोष्टीत भामिनी ही खरीखुरी बाईच आहे. ती बाई की पुरुष याबाबत कोणीही कोणाला फसवत नाही. प्रेक्षकाने पुरुष नट विसरायचा असतो आणि नट ते विसरायला लावतो. ही भूमिका. पार्वतीच्या बाबतीत प्रेक्षकाने परशाला क्षणभरही विसरायचं नसतं. विसरला तर हसू बंद. हे सोंग.

पहिल्या मराठी सिनेकर्त्यांचं कारण आणखी वेगळं. 1913 सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये दादासाहेब फाळके यांना तारामतीसाठी बाई मिळाली नाही, म्हणून अण्णा साळुंके यांनी ती केली. पुढे 1917 सालच्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघंही रंगवले. तिथे कारण नाइलाजाचं होतं.

आणि तमाशापटातला नाच्या हे चौथंच प्रकरण. तिथे पुरुषाच्या बायकीपणालाच हसलं जातं. ते हसू पात्रापाशी थांबत नाही, पडद्याबाहेरच्या खऱ्या माणसांच्या पाठीमागे लागतं. साडीतला पुरुष दिसला की 'परंपराच आहे आपली' म्हणून हे चारही एका पोत्यात भरले जातात. ते वेगळे ठेवा.

प्रश्न: बारावीच्या मुलामुलींसोबत या विषयावर चर्चा घ्यायची आहे. मागच्या वर्षी प्रयत्न केला, पण मुलं संवाद पाठ म्हणत बसली आणि तास संपला. (शिक्षिका, नाशिक)

सर्वांत लाडक्या सिनेमाची हीच अडचण. कान आधीच भरलेले असतात, त्यामुळे डोळे बघत नाहीत. उपाय सोपा आहे: पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवा. संवाद नसले की चौकटीत कोण मध्यभागी आहे, कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर परत परत जातो, कोण नुसतं कडेला उभं आहे, हे दिसायला लागतं.

नव्वद मिनिटं मिळत असतील तर अशी वाटणी जमते. सुरुवातीची 10 मिनिटं गोष्ट आणि सूचना. मग साधारण 4 मिनिटांचे तीन प्रसंग, प्रत्येक दोनदा, आधी मूक आणि मग आवाजासह. यात 25 मिनिटं जातात. 10 मिनिटं प्रत्येकाने एकट्याने टिपणं काढायची. 25 मिनिटं पाच-सहा जणांच्या गटात बोलणं. उरलेली 20 मिनिटं सगळ्यांनी मिळून. संपूर्ण सिनेमा दाखवायच्या भानगडीत पडू नका, चर्चेला वेळ उरत नाही.

टिपणाच्या कागदावर पाच रकाने पुरे: प्रसंग, खरं कोणाला माहीत आहे, फसतंय कोण, हसू कोणावर, आणि फसलेल्या माणसाला नंतर काय बोलायला मिळतं. शेवटचा रकाना बहुतेकांचा कोरा राहतो. तो भरण्याची घाई करू नका, कोरा का राहिला हेच विचारा.

प्रसंग निवडताना एक लीलाबाईंसोबतचा, एक माधुरीच्या दुकानातला आणि एक बिंग फुटतानाचा घ्या. गट मुलामुलींचे मिसळून करा, पण गटाचं म्हणणं मांडायला मुलीच उभ्या राहाव्यात असा आग्रह नको. नाही तर मुलं असं धरून चालतात की हा विषय त्यांचा नाहीच.

चर्चा बिघडते ती 'तेव्हाचा काळ वेगळा होता' या वाक्यापाशी. ते वाक्य खोटं नाही, म्हणून मोडून काढू नका, त्यात तपशील भरा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं 1997 सालची, कायदा 2013 सालचा. सिनेमा त्याआधीचा. 'फक्त जोडप्यांना जागा' ही अट मात्र आजही कानावर येते. या सिनेमात चार पुरुषांना तिची झळ बसली आणि त्यांनी लग्न झाल्याचं सोंग आणलं. चार मुलींना जागा हवी असती आणि त्यातल्या दोघींनी पुरुषाचा वेष घेतला असता तर गोष्ट विनोदी राहिली असती का, एवढा एक प्रश्न फळ्यावर लिहा. वीस मिनिटं कमी पडतील.

प्रश्न: आमचं मंडळ गणपतीत एकांकिका करतंय. एका पात्राने साडी नेसून बाई व्हायचं आहे. अचकटविचकट होऊ द्यायचं नाही. काय सांभाळायचं? (नाट्यमंडळ, चिपळूण)

लिखाणापासून सुरुवात करा. मराठी क्रियापदात बोलणाऱ्याचं लिंग कळतं, ही तुमच्या हातातली फुकटची बंदुकीची दारू आहे. फक्त ती सगळीकडे उडत नाही. 'मी येतो-येते', 'मी दमलो-दमले' इथे वेषांतर केलेला पुरुष पकडला जाऊ शकतो. पण 'मी येईन', 'मला आवडतं', 'मी चहा केला' यांत बोलणारा पुरुष की बाई ते कळत नाही. तेव्हा तुमच्या पात्राला सुरुवातीला जाणूनबुजून भविष्यकाळात आणि 'मला'वर बोलू द्या. तो किती सावध आहे हे चाणाक्ष प्रेक्षकाला कळेल. मग राग आला किंवा चटका बसला की 'मेलो!' बाहेर पडू द्या. अर्ध्या तासाच्या एकांकिकेत अशा दोन, फार तर तीन घसरणी पुरे. दर वाक्याला घसरला तर समोरची पात्रं मूर्ख ठरतात, आणि ती पात्रं बहुधा बायकाच असतात.

साडीचं गणित वेगळं. सहावारी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पन्हा साधारण सव्वा वार. उंच नटाने कमरेवर परकर बांधला तर साडी घोट्याच्या वर लटकते, कारण खोचण्यात तीन-चार इंच जातात. परकर दोन-तीन इंच खाली, नितंबाच्या हाडावर बांधा आणि नाडी दुहेरी गाठीची ठेवा. पोट सुटलेलं असेल तर निऱ्या चार-पाचच पडतात, ओढून सात करू नका, मागून साडी ताणते आणि चालताना निरी सुटते. पिना तीन: खांद्यावर, निऱ्यांच्या वर आतून आणि डाव्या कुशीला. पटकन वेष बदलायचा असेल तर निऱ्या शिवून, कमरेला हूक लावून साडी तयार ठेवा, खाली पँट दुमडून राहू शकते. तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून साडीतच तालीम घ्या. रंगीत तालमीला पहिल्यांदा नेसवलेला नट साडीकडेच बघत राहतो आणि मग तो अवघडलेपणा झाकायला कंबर उडवायला लागतो. अचकटविचकट तिथून सुरू होतं.

आवाज चिरका करू नका. घसा दुसऱ्या प्रयोगाला बसतो आणि ऐकणाऱ्यालाही त्रास होतो. स्वर थोडासाच वर न्या, आवाज लहान करा, वाक्याचा शेवट सोडून द्या. सगळ्या हालचाली बदलण्यापेक्षा हा पुरुष विसरतो अशा तीनच सवयी ठरवा: पाय फाकवून बसणं, खिसा चाचपणं, शिट्टी. प्रत्येक वेळी चूक होऊ द्या, मग त्याला ती आठवू द्या. हसू आठवण्यावर येतं, चुकीवर तेवढं येत नाही.

तीन गोष्टी संहितेतून काढूनच टाका. खोट्या छातीवरचे विनोद. वेषांतराचा फायदा घेऊन बायकांच्या न्हाणीघरात किंवा कपडे बदलण्याच्या खोलीत शिरणं, कारण तिथे प्रेक्षकालाही चोरून बघायला लावलं जातं. आणि साडीतल्या पुरुषाच्या मागे लागलेला लंपट म्हातारा. हा शेवटचा प्रसंग मंडळांच्या एकांकिकांत हमखास असतो आणि हमखास टाळ्या घेतो. तो तपासायचा असेल तर त्या जागी खरी मुलगी उभी करून एकदा वाचन करा. मंडळातल्याच एखादीला ते संवाद बोलायला सांगा. खोलीत हसू राहिलं नाही, तर प्रयोगातलं हसूही कशाचं होतं ते कळेल.

म्हातारा ठेवायचाच असेल तर एक वाट आहे. त्या पाच मिनिटांत तुमचं पात्र साडीत असताना काय काय सोसतं ते त्याला आत साठवू द्या, आणि पँटमध्ये परत आल्यावर त्याने मित्रांशी बोलताना एखादं वाक्य अर्ध्यात गिळावं, जे पहिल्या प्रवेशात तो बिनदिक्कत बोलला होता. वाक्य तेच हवं, शब्दाला शब्द. जागाही तीच. नटाला थांबा मोजून द्या, दोन सेकंद. लगेच दुसऱ्या पात्राने चहा मागावा आणि प्रवेश पुढे जावा.